इयत्ता पहिली: मुंबईतल्या पालकांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जूनच्या पहिल्या पालकसभेत आणि शाळेच्या फाटकाबाहेर वर्षानुवर्षं तेच प्रश्न फिरत असतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. ती राज्य मंडळाच्या मराठी माध्यमाच्या पहिलीला धरून आहेत. सेमी-इंग्रजीच्या वर्गालाही त्यातली बहुतेक चालतील.

पहिलीला वय किती लागतं? आमचं मूल वर्गात सगळ्यात लहान आहे.

ज्या वर्षी प्रवेश घ्यायचा, त्या वर्षीच्या ३१ डिसेंबरला सहा वर्षं पूर्ण हवीत. म्हणजे जूनमध्ये एकाच बाकावर साडेपाच वर्षांचं आणि साडेसहा वर्षांचं मूल शेजारी बसू शकतं. या वयात एक वर्ष म्हणजे केवढं अंतर! डिसेंबरात जन्मलेल्या मुलाची जानेवारीत जन्मलेल्याशी तुलना केली, तर पहिल्या सत्रात ते प्रत्येक गोष्टीत मागेच दिसणार. बटण लावणं, रांगेत उभं राहणं, पेन्सिल पकडणं, सगळ्यातच. तुलना करायचीच असेल तर त्याच्याच जूनच्या वहीशी करा.

दोन महिने झाले तरी वही कोरी आहे. वर्गात नक्की करतात काय?

सगळ्यात जास्त तक्रार हीच असते, आणि ती बहुतेक वेळा चुकीची असते. पहिलीचे सुरुवातीचे सुमारे १२ आठवडे शाळापूर्व तयारीसाठी राखलेले असतात. ज्यांची बालवाडी झाली नाही ती मुलं आणि ज्युनिअर-सीनिअर करून आलेली मुलं एका पातळीवर यावीत, हा त्यामागचा हेतू. या दिवसांत मुलं गोष्ट ऐकून पुढे काय झालं ते सांगतात, मणी ओवतात, कागद फाडून चिकटवतात, बिया निवडतात, फरशीवर खडूने आडव्या, उभ्या, तिरप्या रेघा आणि अर्धगोल काढतात.

हे सगळं लिहिण्याआधीचं काम आहे. देवनागरी अक्षरात गाठ, अर्धगोल आणि उभी काठी या तीन गोष्टी सतत येतात. ज्या मुलाला मनगट न उचलता अर्धगोल काढता येत नाही, त्याला 'क' दहा वेळा गिरवायला लावला तर तो दहाही वेळा चुकतो आणि त्याची पकड घट्ट होत जाते. बोटं दुखायला लागली की मूल 'मला लिहायचं नाही' म्हणतं. तो हट्ट नसतो, बोटं खरंच दुखत असतात. अशा वेळी घरी कणीक मळायला द्या, मटार सोलायला द्या, कपड्यांचे चिमटे लावायला द्या.

अ, आ, इ, ई सोडून भलतीच अक्षरं का शिकवतात?

मुळाक्षरांचा क्रम उच्चाराच्या जागेनुसार लावलेला आहे. तो सुंदर आहे, पण सहा वर्षांच्या हाताला सोयीचा नाही. म्हणून बऱ्याच वर्गांत आकाराने सारखी अक्षरं जवळजवळ घेतात: ग, म, भ, न, मग व, ब, क, मग र, स, ख. दुसरा फायदा असा की चार-पाच अक्षरं झाल्याबरोबर 'नग', 'मन', 'गगन' असे शब्द वाचता येतात. अक्षरं सुरू झाल्यावर ज्या मुलाला तिसऱ्या आठवड्यात शब्द वाचता येतो, त्याला पुढचं अक्षर हवंसं वाटतं. घरी तक्त्यावर 'अ अननसाचा' सुरू असेल तर राहू द्या, पाठ असल्याने बिघडत नाही. फक्त वर्गातली अक्षरं आधी, तक्ता नंतर.

बाराखडीची आता चौदाखडी झाली आहे, कारण 'बॅट' आणि 'बॉल' यांतले ॲ आणि ऑ हे स्वर त्यात आले. आजीला ते चुकीचं वाटेल. चुकीचं नाही.

सगळी अक्षरं ओळखतो, पण शब्द वाचता येत नाही. 'क, म, ळ' म्हणतो आणि थांबतो.

दिवाळीच्या आसपास निम्म्या घरांत हा प्रश्न असतो, म्हणून जरा सविस्तर.

प्रत्येक अक्षराचं नाव आपण शेवटी 'अ' लावून घेतो. बोलताना मात्र शब्दातला शेवटचा 'अ' गळतो. 'घर' म्हणताना र अर्धाच उच्चारला जातो. मुलाने तिन्ही अक्षरं अगदी बरोबर, पूर्ण वाचली तर त्याच्या कानावर 'क…म…ळअ' असं काहीतरी पडतं, आणि असा शब्द त्याने जन्मात ऐकलेला नसतो. म्हणजे त्याचं वाचन बरोबर असतं, शब्दाची ओळख पटत नाही. चार अक्षरांत आणखी घोळ: 'सरबत' आपण 'सर्-बत्' असा दोन तुकड्यांत म्हणतो आणि मूल चार तुकडे करतं.

उपाय असा. आधी तोंडी खेळा, पुस्तक बंद ठेवून. तुम्ही 'घ…र' तोडून म्हणा, मुलाने जोडून 'घर' म्हणायचं. रोज दहा शब्द, आठवडाभर. मग उलट: तुम्ही 'नळ' म्हणा, त्याने तोडायचा. हे जमलं की दोन अक्षरी शब्द वाचायला द्या. अक्षरावर बोट ठेवून थांबू नका, बोट डावीकडून उजवीकडे सरकवत न्या. बोट थांबलं की आवाजही थांबतो. दोन अक्षरी शब्द सहज येईपर्यंत तीन अक्षरीकडे जाऊ नका. आणि मूल अडलं की शब्द पटकन सांगून टाकू नका, पाच आकडे मोजा. पालकांना हेच सगळ्यात जड जातं.

वाचायला काय द्यायचं? मुंबईकरांकडे फुकटचं पुस्तक आहे: स्टेशनांच्या पाट्या. 'परळ'मध्ये काना-मात्रा काहीच नाही, तिथून सुरुवात. मग कान्याची 'दादर', 'वडाळा', 'मालाड'. वेलांटीसाठी 'शीव'. उकारासाठी 'नाहूर' आणि 'मुलुंड', अनुस्वारासकट. 'वांद्रे', 'विक्रोळी', 'कुर्ला' ही जोडाक्षरं आणि रफार. ती वर्षाच्या शेवटी किंवा दुसरीत. गाडी थांबते तेवढ्या वेळात एक पाटी वाचून होते आणि मूल कंटाळायच्या आत गाडी सुटते.

वेलांटी नेहमी चुकते. ऱ्हस्व-दीर्घ आत्तापासून पक्कं करावं का?

पहिली वेलांटी कागदावर अक्षराच्या डावीकडे असते, पण तिचा उच्चार अक्षरानंतर होतो. मूल ऐकतं त्या क्रमाने लिहितं: आधी 'द', मग उजवीकडे वेलांटी. 'दिवा'चा 'दीवा' होतो. पहिलीत हे चालतं. 'दीवा' लिहिणाऱ्या मुलाला द, ई, व, आ हे चारही ध्वनी बरोबर ऐकू आले आहेत, ही मोठी गोष्ट आहे. लाल शाईने खोडू नका, खाली बरोबर शब्द लिहून ठेवा.

आणखी एक अडचण कानाची आहे. 'चाक'मधला च आणि 'चार'मधला च अक्षर म्हणून एकच, पण उच्चार वेगळे. घरी मराठी बोललं जात असेल तर मूल हे आपोआप शिकतं. घरी हिंदी किंवा गुजराती असेल तर मुद्दाम ऐकवावं लागतं. घरी हिंदी असेल तर ण-न आणि ळ-ल यांचंही तेच.

कोणत्या वह्या आणि कोणती पेन्सिल घ्यावी?

मराठीला दुरेघी, इंग्रजीला चाररेघी, गणिताला मोठ्या चौकटीची. शाळेची यादी हातात पडल्याशिवाय डझनभर वह्या आणू नका. पेन्सिल साधी एचबी. तिकोनी असेल तर पकड लवकर सुधारते. शिसपेन (पेन्सिलीत शिशाच्या कांड्या सरकवायचं ते) नको, दाब दिला की कांडी मोडते. वासाचं, कार्टूनचं खोडरबर नको. मुलाचा अर्धा वेळ त्याच्याशी खेळण्यात जातो आणि कागद फाटतो तो वेगळाच.

अक्षर आधी, वरची रेघ नंतर, हा क्रम घरीही ठेवा. डावखुऱ्या मुलाचा हात बदलू नका. त्याला बाकाच्या डाव्या टोकाला बसवा असं बाईंना सांगा, नाहीतर दिवसभर दोन कोपरांची टक्कर चालते. त्याची वही घड्याळाच्या काट्याच्या दिशेने थोडी तिरकी ठेवली की लिहिलेलं हाताखाली झाकलं जात नाही.

३ आणि ६ एकमेकांच्या जागी लिहिणं फार सामान्य आहे. आपले हे दोन अंक आरशातल्या प्रतिमेसारखे आहेत. कप उलटा ठेवला तरी तो कपच राहतो, हे मूल आत्ताच शिकलेलं असतं; अंक फिरवला की दुसराच होतो, हे त्याला नवीन असतं.

पंचवीस म्हटलं की ५२ लिहितो. लक्ष नाही की समजत नाही?

यात मुलाचा दोष कमी आणि आपल्या संख्यानामांचा जास्त. मराठीत आपण आधी एकक बोलतो, मग दशक: पंच-वीस, त्रे-पन्न, चौ-सष्ट. लिहिताना मात्र दशक आधी. मुलाने ऐकलेल्या क्रमाने लिहिलं तर ५२ येणारच. त्यात एकोणतीसची गंमत वेगळी: कानावर 'तीस' पडतं, म्हणून मूल ३९ लिहितं. आणि एकोणनव्वदपर्यंत नियम कसाबसा हाताशी आला की ९९ 'एकोणशंभर' न होता 'नव्याण्णव' होऊन बसतो.

गणितज्ञ मंगला नारळीकर यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने म्हणूनच 'वीस एक, वीस दोन' ही पद्धत जुन्या नावांच्या जोडीने पाठ्यपुस्तकात आणली. २०१९ मध्ये त्यावरून एवढा गदारोळ झाला की विषय विधानसभेत गाजला. भाषा मोडीत काढल्याचा आरोप आम्हाला पटत नाही. शिकताना आधाराला ती पद्धत चांगली आहे, आणि जुनी नावंही यायलाच हवीत.

घरी करायचं ते असं. खराट्याचे १०० हीर बोटभर लांबीचे तोडा. दहा-दहाचे गठ्ठे करून रबर लावा. गठ्ठे मुलानेच मोजून बांधायचे, तुम्ही नाही. मग दोन गठ्ठे आणि पाच सुट्या काड्या मांडा. गठ्ठे नेहमी मुलाच्या डाव्या हाताला, सुट्या उजव्या हाताला. तिन्ही वाक्यं मोठ्याने म्हणवून घ्या: 'दोन दशक पाच एकक', 'वीस आणि पाच', 'पंचवीस'. त्यानंतरच अंक लिहायचा, गठ्ठ्याखाली २ आणि सुट्यांखाली ५. रोज पाच संख्या पुरेत. एकोणतीससाठी तीन गठ्ठे मांडा आणि एकातून एक काडी काढून घ्या. 'तीसला एक कमी' हे डोळ्यांना दिसलं की घोळ कमी होतो.

नुसते १ ते १०० अंक पाच-पाच वेळा उतरवून काढण्याने यातलं काही होत नाही. मूल आधी सगळे एकक उभ्या ओळीत उतरवतं, मग सगळे दशक. संख्या एकही वाचत नाही. मुलाच्या मागे उभं राहून एकदा बघा.

गणितात आणखी काय असतं?

९९ पर्यंत वाचन-लेखन, लहान-मोठी संख्या, काड्या-मण्यांवर आणि मग चित्रांवर बेरीज-वजाबाकी, आकार, लांब-आखूड, जड-हलकं, वार-महिने, नाणी-नोटा. हातच्याची बेरीज दुसरीत येते, ती घाईने शिकवू नका. बेस्टच्या बसवर क्रमांक देवनागरी अंकांत असतो, तो थांब्यावर ओळखायला लावा. साध्या बसचं किमान भाडं मे २०२५ पासून १० रुपये आहे. दोन मोठ्या माणसांचे किती, ५० दिले तर परत किती, हे गणित मुलाला वहीतल्यापेक्षा लवकर कळतं.

इंग्रजी आणि हिंदीचं काय?

महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी आहे. पहिलीत ते मुख्यतः ऐकण्याचं आणि बोलण्याचं: सूचना ऐकून कृती करणं, बडबडगीतं, रंग, प्राणी, घरातल्या वस्तू, मग अक्षरं. घरी कुणाला इंग्रजी येत नसेल तर अडत नाही. इंग्रजीतल्या कवितेला मराठीत अर्थ सांगितला तरी चालतो.

हिंदीबद्दल २०२५ मध्ये बराच गोंधळ झाला. पहिलीपासून तिसरी भाषा आणणारे एप्रिल आणि जूनचे दोन्ही शासन निर्णय २९ जून २०२५ रोजी रद्द झाले. उलट मराठी मात्र २०२० च्या कायद्याने सर्व माध्यमांच्या शाळांत सक्तीची आहे.

घरचा अभ्यास किती? शिकवणी लावावी का?

केंद्राच्या २०२० च्या दप्तर धोरणात दुसरीपर्यंत घरचा अभ्यास नको असंच म्हटलं आहे. तरीही बऱ्याच शाळा देतात, कारण पालकच मागतात! वीस मिनिटं बास: दहा मिनिटं मोठ्याने वाचन (पाच तुमचं, पाच मुलाचं), पाच मिनिटं काड्या, पाच मिनिटं 'आज मधल्या सुट्टीत काय झालं' या गप्पा. गप्पा सगळ्यात शेवटी आल्या म्हणून गाळू नका. जे बोलता येत नाही ते लिहिता येत नाही.

शिकवणी नको. तिथे बहुतेकदा शाळेचा अभ्यास उतरवून घेतात आणि मूल संध्याकाळचं खेळणं गमावतं.

दप्तर जड होतं. त्यात काय असावं?

मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांच्या आत. २० किलोच्या मुलाला २ किलो. आता स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवून बघा: रिकामं दप्तर ६०० ग्रॅम, अर्धा लिटर पाण्याची भरलेली बाटली ६५० ग्रॅम, भरलेला डबा ३५० ग्रॅम. पुस्तक ठेवायच्या आधीच १६०० झाले. दोष पुस्तकांचा कमी, चाकांच्या आणि चार कप्प्यांच्या दप्तराचा जास्त. हलकं कापडी दप्तर आणि शाळेत पिण्याचं पाणी चांगलं असेल तर अर्धी भरलेली बाटली, एवढ्याने फरक पडतो.

शाळा नऊच्या आधी का? दुपारची शाळा असेल तर?

चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊ किंवा त्यानंतर भरवावेत असा फेब्रुवारी २०२४ चा शासन निर्णय आहे. मुंबईत जागेअभावी अनेक इमारतींत दोन पाळ्या चालतात, म्हणून अडचण होते आणि प्राथमिकचे वर्ग पुष्कळदा दुपारी जातात. दुपारच्या शाळेतलं मूल तीनच्या सुमाराला पेंगतं. त्याला सकाळी उशिरापर्यंत झोपू देण्यापेक्षा रात्री साडेनऊला झोपवा, आणि निघण्याआधी अर्धा तास वरण-भात पोटभर द्या. अभ्यास सकाळी, शाळेतून आल्यावर नाही.

डब्याचं सूत्र: मुलाला एकट्याने उघडता येईल असं झाकण आणि बारा मिनिटांत संपेल एवढं अन्न. पोळी-भाजी वेगळी दिली तर पोळी परत येते. गुंडाळी करून चार तुकडे केले तर संपते. पहिलीतल्या मुलांचे पुढचे दुधाचे दात पडत असतात, त्या आठवड्यात पेरूची फोड किंवा चिक्की देऊ नका. दात पडल्यावर 'स' बोबडा येतो, तोही थोड्या दिवसांत जातो.

महापालिकेच्या आणि अनुदानित शाळांत पोषण आहार मिळतो. पहिली ते पाचवीसाठी प्रमाण दर दिवशी १०० ग्रॅम धान्य, ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं असं आहे. तो घ्यायला संकोच नको. पंगतीत बसून खाणं हेही शिकणंच.

पावसाळ्यात काय तयारी ठेवावी?

छत्री नको, रेनकोट. दप्तरावरून येईल असा. आणि मुलाला स्वतः काढून घडी न करता नुसता खुंटीला लावता येईल असा. त्याच्या आत नाव लिहा, कारण वर्गात निळे रेनकोट वीस असतात. वह्या प्लास्टिकच्या पिशवीत, शिवाय कोरडे मोजे आणि एक चड्डी दप्तराच्या तळाशी. मुसळधार पावसाच्या दिवशी सुट्टी जाहीर झाल्याचे जुने निरोप दरवर्षी पुन्हा फिरतात. तारीख वाचा, आणि शाळेकडून आलेला निरोपच धरा. मूल घ्यायला पाणी भरल्यामुळे उशीर होणार असेल तर जवळ राहणाऱ्या एका माणसाचं नाव आणि नंबर जूनमध्येच वर्गशिक्षिकेकडे लिहून द्या.

परीक्षा असते का? नापास करतात का?

नापास करत नाहीत. २०१० पासूनच्या सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनात पहिली-दुसरीला आकारिक मूल्यमापनाचा वाटा ७० टक्के आणि संकलिताचा (सत्राअखेरच्या चाचणीचा) ३०. आकारिक म्हणजे वर्षभर बाईंनी केलेलं निरीक्षण, तोंडी काम, कृती, प्रात्यक्षिक. आदल्या रात्री घोकून घेण्यासारखं त्यात फारसं नसतं. प्रगतिपुस्तकावरच्या श्रेणीपेक्षा वर्णनात्मक नोंदी वाचा. 'गोष्ट स्वतःच्या शब्दांत सांगतो' ही ओळ अ-१ पेक्षा जास्त बोलते.

एप्रिलअखेर ढोबळमानाने इतकं यावं: चार-पाच सोप्या शब्दांची अनोळखी वाक्यं वाचणं, ९९ पर्यंत संख्या वाचणं-लिहिणं, सोपी बेरीज-वजाबाकी.

काळजी कधी करावी?

जानेवारीतही यमक जुळवता येत नसेल किंवा 'नळ'मधला पहिला आवाज कोणता हे सांगता येत नसेल, तर बाईंशी बोला. फळ्यावरचं चुकतं पण पुस्तकातलं बरोबर उतरतं, तर आधी डोळे तपासा. मागून हाक मारल्यावर ओ देत नाही, टीव्हीचा आवाज वाढवतो, तर कान. या दोन तपासण्या झाल्याशिवाय 'आळशी' हा शब्द घरात नको. पुढेही अडचण राहिली तर शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात अध्ययन अक्षमतेचं क्लिनिक आहे. मात्र पहिलीत अक्षर उलटं आलं म्हणून लगेच तिकडे धावायचं कारण नाही.

सकाळी पोट दुखतं आणि रविवारी दुखत नाही, तर स्वच्छतागृहाबद्दल विचारा. बरीच मुलं तिथे जायला घाबरतात, म्हणून पाणीच पीत नाहीत. पँटचं हूक काढून इलॅस्टिक लावलं की कधीकधी पोटदुखी थांबते.

मे महिन्यात अभ्यास घ्यावा का?

पुढच्या वर्गाची पुस्तकं आत्ताच उघडू नका. काड्यांचे गठ्ठे आणि वाचायच्या चार पातळ पुस्तकांची पिशवी गावी न्या. आजीला भाजीची यादी मुलाकडून लिहून घ्यायला सांगा. 'मीरची' आली तर येऊ द्या, बाजारातून मिरचीच येते.